रात्री समोरच्या हेडलाइटने डोळे दिपतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री गाडी चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक तक्रार ठरलेली असते: समोरचे दिवे. तक्रार खरीच आहे. पण त्या त्रासाचा बराच भाग आपल्याच काचेत, चष्म्यात आणि डोळ्यात तयार होतो, आणि तेवढा भाग आपल्या हातात असतो. म्हणून खालच्या उत्तरांत समोरच्याचा नंबर जरा उशिरा लागतो.

समोरच्याचा अप्पर (लांबवर जाणारा, वरचा उजेड) डोळ्यांवर आला की रस्ता दिसेनासा का होतो?

डोळ्यात शिरलेला उजेड सगळाच्या सगळा एका ठिकाणी पडत नाही. कॉर्निया, डोळ्यातलं भिंग आणि आतला द्रव यांतून जाताना त्यातला थोडा विखुरतो आणि रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आत उजेड टिपणाऱ्या थरावर, सगळीकडे पसरतो. तुम्ही पाहत असलेल्या दृश्यासमोर कुणी पातळ, दुधाळ कापड धरावं तसं होतं. काळा रस्ता आणि त्यावर गडद कपड्यांत चालणारा माणूस यांच्यात रात्री मुळातच फरक कमी असतो. त्या कापडामागे तो फरकही विरून जातो. माणूस तिथेच असतो, फक्त तुमच्यापुरता नाहीसा होतो.

हे कापड किती दाट असेल हे दोन गोष्टींवर ठरतं: डोळ्यापर्यंत किती उजेड पोचतो, आणि तो तुमच्या नजरेच्या रेषेपासून किती बाजूला आहे. हॉलाडे आणि स्टाइल्स या दोन संशोधकांनी १९२० च्या दशकात याची मोजमापं केली. त्यांतून निघालेला ढोबळ नियम असा, की कोन दुप्पट झाला की विखुरलेल्या उजेडाचा पडदा चौथाईवर येतो. पुढचं सगळं समजून घ्यायला हा एक नियम पुरेसा आहे.

मग नजर कुठे ठेवायची?

रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेवर. तिथली पांढरी पट्टी, पट्टी नसेल तर डांबर आणि माती जिथे मिळतात ती रेघ.

हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरा. त्याची रुंदी तुमच्या डोळ्यांना साधारण २ अंशांची दिसते. समोरच्या दिव्यापासून नजर दीड अंगठ्यावर असेल तर ती ३ अंशांवर आहे, तीन अंगठ्यांवर असेल तर ६ अंशांवर. एवढ्याशा फरकाने पडदा चौपट पातळ होतो. दिव्याकडे मात्र डोळे आपोआप ओढले जातात, कारण अंधारात सगळ्यांत ठळक तेच असतं. म्हणून नजर वळवायची सवय मुद्दाम लावावी लागते. मला ती लागायला बरेच दिवस गेले, आणि आजही थकलो असलो की नजर दिव्याकडेच जाते.

एक काळजी घ्या. कडेकडे पाहायचं म्हणजे समोरचं सोडून द्यायचं नाही. गाडी दोन सेकंदांत निघून जाते. तेवढ्यापुरता कडेचा आधार घ्यायचा आणि लगेच पुन्हा पुढे पाहायचं. आणि ती गाडी जवळ येण्याआधीच पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. दिपल्यावर ब्रेक शोधण्यात अर्थ नाही.

गाडी निघून गेल्यावर डोळे सावरायला किती वेळ लागतो?

माणसागणिक आणि उजेडागणिक वेगळा. तरुण, निरोगी डोळ्यांना साधारण काही सेकंद, उतारवयात त्याहून जास्त. ३ सेकंद धरून हिशेब करा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ३ सेकंदांत ६६ मीटर. डिपरच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस बहुतेक वेळा याहून कमी अंतरावरूनच दिसतो. म्हणजे हे ६६ मीटर तुम्ही न पाहता कापलेले असतात.

पूर्ण अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. पण गाडी चालवताना तसा अंधार कधीच नसतो, आपलेच दिवे पुढे असतात. तरी लख्ख उजेडातल्या खोलीतून उठून थेट स्टिअरिंगवर बसणं टाळा. पाच-दहा मिनिटं बाहेर थांबलात तरी फरक कळतो.

पूर्वी इतका त्रास होत नव्हता. वयामुळे असं होतं का?

हो, वयाचा यात मोठा वाटा आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर गढूळ होत जातं, मोतीबिंदू नसला तरीही. प्रकाशशास्त्रात वापरलं जाणारं सूत्र वयासाठी जी वाढ धरतं, तिच्यानुसार सत्तरीत डोळ्यातला विखुरलेला उजेड तरुणपणाच्या साधारण दुप्पट होतो. म्हणजे दिवा तोच, पडदा दुप्पट दाट. त्यात सावरायला लागणारा वेळही वाढतो.

घरातली मोठी माणसं “आता रात्री नको रे गाडी” म्हणतात तेव्हा तो भित्रेपणा नसतो. त्यांना खरोखरच कमी दिसत असतं. त्यांना चालवायचा आग्रह करू नका.

काच पुसली तर खरंच फरक पडतो का?

एकच काम करायचं असेल तर हे करा. बाहेरची काच सगळे धुतात, आतली राहून जाते. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक उन्हात तापलं की त्यातून बाष्प निघतं आणि काचेच्या आतल्या बाजूवर त्याचा तेलकट थर बसत जातो. त्यात श्वासाची वाफ, धूळ आणि हाताचे डाग मिसळतात. दिवसा हे काही दिसत नाही. रात्री समोरून दिवा आला की सगळी काच एकदम पांढुरकी होते आणि आपल्याला वाटतं, समोरच्याचा उजेड फार आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर अंधारात उभ्या गाडीत बसा आणि कुणाला तरी बाहेरून, बाजूने तिरपी टॉर्च काचेवर धरायला सांगा. काचेच्या एका कोपऱ्यात बोटाने एक रेघ ओढा. रेघेतून पलीकडचं काळंभोर दिसेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना धुकं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ती रेघ पाहून थक्क झालो होतो, कारण त्याच आठवड्यात गाडी धुऊन आणली होती.

पुसायला दोन मायक्रोफायबर फडकी घ्या. एक काच साफ करायच्या द्रवाने किंचित ओलं, दुसरं अगदी कोरडं. द्रव काचेवर न फवारता फडक्यावर घ्या, नाहीतर तो डॅशबोर्डवर ओघळतो. आधी ओल्याने पुसा आणि वाळायच्या आत कोरड्याने. आतून आडवे हात मारा, बाहेरून उभे. मग कुठे फराटा राहिलाच तर तो आतला की बाहेरचा हे लगेच ओळखू येतं. तेलकट थर पहिल्या हाताला निघत नाही, फक्त पसरतो. फडकं उलटून दुसऱ्यांदा पुसा. डॅशबोर्डला चकाकी आणणारं पॉलिश लावत असाल तर ते बंद करा. ते काचेवर चढतंच, आणि चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं ते वेगळंच.

वायपरचं रबर कडक झालं असेल तर ते काचेवर गोलाकार बारीक ओरखडे पाडतं. समोरचा दिवा त्या ओरखड्यांवर धनुष्यासारखा पसरतो. रबर स्वस्तातली गोष्ट आहे, बदला. जुन्या काचेवर वाळू आणि बारीक खड्यांनी सुईच्या टोकाएवढे असंख्य खड्डे पडलेले असतात. ते पुसून जात नाहीत. तशा काचेला बदलण्याशिवाय उपाय नाही.

पिवळ्या काचांचा ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मा घेऊ का?

नका घेऊ. पिवळी काच घातली की सगळं उजळल्यासारखं वाटतं, हे खरं. पण ती काच डोळ्यात जाणारा उजेड कमी करते, वाढवत नाही. समोरच्या दिव्याचा उजेड जितका कमी होतो, तितकाच पादचाऱ्यावरून येणाराही कमी होतो. २०१९ मध्ये बोस्टनच्या शेपेन्स नेत्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २२ जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावून हे तपासलं. पिवळ्या चष्म्याने पादचारी ओळखायला काहीही मदत झाली नाही. बरं वाटणं आणि बरं दिसणं यातला हा फरक आहे, आणि रस्त्यावर तो जिवावर बेतू शकतो.

पिवळ्या उजेडावरचा विश्वास मात्र जुना आहे. फ्रान्समध्ये गाड्यांना पिवळे हेडलाइट लावायचा नियम १९३६ मध्ये आला आणि १९९३ पर्यंत टिकला.

रात्री गॉगल तर अजिबात नको.

मग नंबरच्या चष्म्याचं काय करायचं?

त्याला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग करून घ्या. साध्या प्लॅस्टिकच्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परततो. त्यामुळे समोरच्या दिव्यांची भुतासारखी दुसरी प्रतिमा काचेत तरंगताना दिसते. कोटिंगने ती जवळजवळ जाते. ओरखडे पडलेला चष्मा दिवसा चालून जातो, रात्री चालत नाही. आणि नंबर तपासून किती दिवस झाले ते आठवा. दिव्यांभोवती ताऱ्यासारखे लांब किरण दिसत असतील तर बरेचदा चष्म्यात नीट न धरलेला तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर त्यामागे असतो.

मागच्या गाडीचा उजेड आरशातून डोळ्यांत येतो. काय करू?

आतल्या आरशाखाली एक छोटी चिमटी असते. ती मागे ओढा. अनेकांना ती कशासाठी आहे हे माहीतच नसतं. या आरशाची काच सपाट दिसते, पण ती पाचरीसारखी असते, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ. दिवसा आपण तिच्या मागच्या चकचकीत थरातलं प्रतिबिंब पाहतो. चिमटी ओढली की तो थर गाडीच्या काळोख्या छताकडे वळतो आणि आपल्याला फक्त पुढच्या साध्या काचेवरचं सुमारे ४ टक्क्यांचं प्रतिबिंब दिसतं. मागची गाडी कळते, डोळ्यांत खुपत नाही. महागड्या गाड्यांत आरसा आपोआप काळवंडतो, तिथे चिमटी नसते.

बाजूचे आरसे बाहेरच्या अंगाला इतके वळवा, की सरळ बसल्यावर त्यांत आपली गाडी जेमतेम दिसेनाशी होईल. मागचे दिवे थेट डोळ्यांवर येत नाहीत आणि बाजूचा न दिसणारा कोपराही दिसू लागतो.

आपले दिवे दुसऱ्याला त्रास देत नाहीत ना, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

हा प्रश्न जितक्यांनी विचारायला हवा तितके विचारत नाहीत. समोरून येणारा प्रत्येक जण आपल्याबद्दल तेच बोलत असतो जे आपण त्याच्याबद्दल.

सपाट जमीन आणि सरळ भिंत शोधा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, चालकाच्या जागेवर कुणाला तरी बसवा, आणि दिवे वर-खाली करायची चकती डॅशबोर्डवर असेल तर ती शून्यावर ठेवा. गाडी भिंतीला अगदी चिकटवून उभी करा आणि दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंची उंची भिंतीवर चिकटपट्टीने दाखवा. मग गाडी सरळ १० मीटर मागे घ्या आणि डिपर लावा. भिंतीवर उजेड आणि अंधार यांची स्पष्ट सीमा दिसेल. ती चिकटपट्टीच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे १ टक्का उतार. अनेक गाड्यांच्या दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर हा टक्का छापलेला असतो. तोच प्रमाण माना. सीमारेषा एका अंगाला वर चढताना दिसली तर घाबरू नका. ती रस्त्याची आपल्या बाजूची कडा उजळण्यासाठी मुद्दाम तशी ठेवलेली असते. विरुद्ध अंगाला चढत असेल तर मात्र दिवा चुकीचा बसवला आहे.

आता एक अंश किती महाग पडतो ते पाहा. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि नीट खाली झुकलेला आहे, तर ६० मीटरवर त्याची सीमारेषा जवळजवळ जमिनीला टेकते. तोच दिवा फक्त १ अंश वर झाला, तर ६० मीटरवर ती रेषा सुमारे १ मीटर १० सेंटिमीटरवर जाते. छोट्या गाडीच्या चालकाचे डोळे बरोबर त्याच उंचीवर असतात. डिपर लावूनही तुम्ही त्याला अप्पर मारत असता.

हा एक अंश कुठून येतो? डिकीत सामान भरलं की मागचं अंग दबतं आणि नाक वर होतं. त्यासाठीच ती चकती आहे. माणसं आणि सामान भरलं की ती १, २, ३ अशी फिरवायची. बल्ब बदलताना तो खाचेत नीट बसला नाही तरी हेच होतं. बंपर ठोकला गेला, सस्पेन्शन बदललं, की दिव्यांचा फोकस पुन्हा लावून घ्या.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसवला तर?

हॅलोजन दिव्याचा आरसा एका ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. ती तार मिलिमीटरच्या अंशाने सरकली तरी उजेडाची सीमारेषा बिघडते. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी दोन बाजूंना चपट्या चिप असतात. त्यांचा उजेड आरशाच्या वेगळ्याच भागांवर पडतो आणि मनाला येईल तिकडे जातो. चालकाला गाडीच्या पुढ्यातली जमीन लख्ख दिसते, म्हणून बल्ब भारी वाटतो. पण लांबचं अनेकदा आधीपेक्षा कमी दिसतं, आणि समोरच्याचे डोळे जातात ते जातातच. पुष्कळ देशांत असा बल्ब रस्त्यावर वापरायला परवानगी नाही. जास्त उजेड हवा असेल तर आधी दिव्याची पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच पॉलिश करून घ्या. ऊन लागून ती गढूळ होते, स्वतःचा उजेड अडवते आणि समोरच्याच्या डोळ्यांत विखुरते.

कंपनीकडून आलेले एलईडीसुद्धा जास्त का टोचतात?

तीन कारणं. हॅलोजनचा उजेड ३,२०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास, पिवळसर असतो. एलईडीचा ५,५०० ते ६,००० केल्विनच्या आसपास, निळसर पांढरा. निळा भाग जास्त असलेला उजेड डोळ्यांना अधिक खुपतो. दुसरं, तेवढाच उजेड लहान ठिपक्यातून आला की तो ठिपका जास्त प्रखर दिसतो. तिसरं, एलईडीची सीमारेषा फार धारदार असते. गाडी खड्ड्यात आपटली की ती रेषा क्षणभर तुमच्या डोळ्यांवरून जाते आणि समोरच्याने अप्पर मारल्याचा भास होतो. उंच गाड्यांचे दिवेही उंच. युरोपच्या नियमांत डिपरचा दिवा जमिनीपासून १,२०० मिलिमीटरपर्यंत चालतो. खाली बसलेल्या चालकाच्या डोळ्यांपेक्षा हे वर आहे.

समोरचा अप्पर सोडतच नाही. आपणही अप्पर मारावा का?

एकदा दिव्यांची उघडझाप करून आठवण करा. तेवढंच. त्याचे डोळे दिपवून तुम्हाला जास्त दिसणार नाही. उलट एकमेकांकडे येणाऱ्या दोन गाड्यांचे दोन्ही चालक आंधळे होतात. वेग उतरवा, कडा धरा, जाऊ द्या.

आपला अप्पर मात्र वेळेत उतरवा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात समोरून गाडी येत असेल तर ५०० फुटांच्या आत आणि पुढच्या गाडीच्या मागे असाल तर ३०० फुटांच्या आत अप्पर उतरवायचा आहे. मी त्याहून आधी उतरवतो. वळणावर समोरच्या झाडांवर उजेड दिसू लागला की लगेच, गाडी दिसायची वाट न पाहता.

पाऊस आणि धुक्यात?

कोरडं डांबर खडबडीत असतं, त्यामुळे आपला उजेड चहूकडे फेकतं आणि त्यातला थोडा परत आपल्याकडे येतो. पाण्याचा थर बसला की तो खडबडीतपणा बुजतो आणि रस्त्याचा आरसा होतो. आपला उजेड पुढे घसरून निघून जातो आणि समोरच्याचा खालूनही डोळ्यांवर येतो. दोन्हीकडून तोटा. इथे वेग कमी करण्यावाचून काही नाही. धुक्यात अप्पर कधीच नको. पाण्याचे कण तो उजेड आपल्याच तोंडावर फेकतात.

दुचाकीवर काय वेगळं करायचं?

हेल्मेटची काच. तीच तुमची गाडीची काच आहे आणि डोळ्यांच्या अगदी जवळ आहे. ओरखडे पडलेली किंवा काळी काच रात्री वापरू नका. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की ओरखडे पडतात, म्हणून आधी पाणी, मग मऊ फडकं. मागे माणूस बसला की दुचाकीचा दिवा गाडीपेक्षा जास्त वर उचलला जातो. तो खाली करून घ्या.

गाडीतला स्क्रीन आणि दिवे?

स्क्रीन नाइट मोडवर, मीटरचा उजेड वाचता येईल एवढाच, छताचा दिवा बंद. काचेवर काळी फिल्म असेल तर ती रात्री उजेडाबरोबर माणसंही लपवते.

एवढी यंत्रं निघाली, यावर कायमचा उपाय का नाही?

एक फार सुंदर उपाय जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच सुचला होता. अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी १९२९ मध्ये पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पलीकडे जाऊ देणारी फिल्म) बनवली तीच मुळी हेडलाइटच्या झगमगाटावर उपाय म्हणून. कल्पना अशी: प्रत्येक गाडीच्या दिव्यांवर आणि चालकासमोर ४५ अंश तिरकी फिल्म, सगळ्यांची एकाच दिशेने. स्वतःचा उजेड तुम्हाला दिसतो. समोरची गाडी तोंड फिरवून आलेली असते, त्यामुळे तिची फिल्म तुमच्या फिल्मला बरोबर काटकोनात येते आणि तिचे दिवे जवळजवळ विझल्यासारखे दिसतात. दोन्ही हात एकाच बाजूला तिरके धरलेली दोन माणसं समोरासमोर उभी करून पाहा, हात एकमेकांना छेदताना दिसतील. पण फिल्म निम्म्याहून जास्त उजेड खाते, आणि सगळ्या गाड्यांना एकाच वेळी ती लावल्याशिवाय उपयोग नाही. जो पहिला लावेल त्याचा नुसता तोटा. तिथेच ते अडलं.

आज दुसरी वाट निघाली आहे. दिव्यात अनेक लहान एलईडी असतात, कॅमेरा समोरची गाडी ओळखतो आणि तिच्यावर पडणारे तेवढेच एलईडी मंद करतो. बाकी रस्ता अप्परमध्येच उजळलेला राहतो. २०१३ मध्ये ऑडीच्या ए८ मध्ये असे मॅट्रिक्स दिवे आले. अमेरिकेने नियम बदलून त्यांना परवानगी दिली ती २०२२ मध्ये.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसू लागली, एका डोळ्याला दुसऱ्यापेक्षा जास्त त्रास होत असेल, अंधाऱ्या खोलीत चाचपडावं लागत असेल, किंवा काही महिन्यांत त्रास एकदम वाढला असेल, तर वाट पाहू नका. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाच्या मागच्या बाजूला डाग येतो आणि तो सर्वांत आधी समोरच्या दिव्यांतच जाणवतो. कोरडे डोळे, मधुमेह, अ जीवनसत्त्वाची कमतरता, काचबिंदू, डोळ्यावर झालेली लेसर शस्त्रक्रिया यांतलं काही असेल तर तेही सांगा.

आणि डॉक्टरांना “नीट दिसत नाही” एवढंच सांगू नका. “रात्री समोरून गाडी आली की दिसत नाही” असं सांगा. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पांढऱ्यावर काळा असतो, खोलीत समोरून कुठला दिवा डोळ्यांवर नसतो, आणि मोतीबिंदू सुरू झालेला माणूसही त्यातली शेवटची ओळ कधी कधी वाचून दाखवतो.